नेत्ररक्षण : बाल्यापासून वार्धक्यापर्यंत

पंचज्ञानेंद्रियांमध्ये नेत्रांस अग्रस्थान आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत : संधिगत ९, वर्त्मगत २१, शुक्लगत ११, कृष्णगत ४, सर्वगत १७, दृष्टिगत १२ आणि बाह्य २. वाग्भटाचार्यांनी ही संख्या ९४ मानली. ही गणना आपणा सर्वांस मुखोद्गत असते. तथापि साध्यासाध्यतेचा विचार केल्यावाचून ती व्यवहारात उपयोगी पडत नाही. ग्रामीण भागात डोळ्याची तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडेच येतो. कोणता नेत्र आपण हाताळावा व कोणता त्याच दिवशी नेत्रशल्यतज्ज्ञाकडे धाडावा, या निर्णयावर त्याची दृष्टी अवलंबून असते.

बाल्यावस्था

३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावयास हवी. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बालकात ती २ ते ३ आठवड्यांतच करावी लागते. पटल सुटल्यावर फारसा उपाय उरत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग संभवतो. असे बालक त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. काही सुरम्यांत शिसे आढळते, तसेच बोटाने काजळ घालताना जंतुसंसर्ग होतो. म्हणून नवजाताच्या डोळ्यांत काजळ वा सुरमा घालू नये.

'अ' जीवनसत्त्वाची पहिली मात्रा नवव्या महिन्यात व त्यानंतर दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, अशा एकूण ९ मात्रा शासकीय कार्यक्रमात दिल्या जातात. त्यास शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई व आंबा यांची जोड द्यावी. तिरळेपणा 'भाग्याचा' मानून थांबू नये. तिरळा किंवा जास्त नंबरचा डोळा मेंदू हळूहळू वापरेनासा होतो. ही मंददृष्टी सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास चांगली सुधारते, पुढे ते कठीण होत जाते.

शालेय वय व तारुण्य

मुलांमधील लघुदृष्टीचे प्रमाण वाढत आहे. रोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळल्याने ती उद्भवण्याची शक्यता घटते. लागलेला नंबर मात्र औषधाने उतरत नाही, त्यास चष्माच लागतो. त्रिफळा, पादाभ्यंग, वेळेवर निद्रा ही स्वस्थवृत्ताची अंगे अवश्य सांगावीत, परंतु 'चष्मा घालवितो' असे आश्वासन देऊ नये.

शेतकरी व ऊसतोड कामगार यांच्या डोळ्यास उसाचे पाते लागून कृष्णमंडलावर व्रण होतो. त्यात बुरशीचा संसर्ग झाला असता दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब व्रण अधिक खोल नेतात. मध, एरंडतेल, अंगावरचे दूध हेही अशा डोळ्यात घालू नये. आमावस्थेत अंजन वर्ज्य, हा शास्त्रादेश आपणास ज्ञातच आहे. लाल डोळ्यासोबत तीव्र वेदना, अंधुक दिसणे किंवा कृष्णमंडलावर पांढरा ठिपका असल्यास ते साधे 'डोळे येणे' नव्हे.

चाळिशीनंतर

चाळिशीत जवळचे अंधुक दिसू लागते, त्यास चष्मा पुरेसा असतो. परंतु याच वयात काचबिंदू बहुधा कोणतीही तक्रार न करता बाजूची दृष्टी खात जातो. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. येथे नामसादृश्याने फसू नये : वाग्भटोक्त 'काच' ही तिमिर व लिंगनाश यांमधील अवस्था आहे, तर मराठीतील 'काचबिंदू' हा नेत्रनाडीचा ऱ्हास होय. त्याचे साम्य अधिमंथाशी अधिक जुळते. अधिमंथ दोषानुसार काही रात्रींत दृष्टी नष्ट करतो, असे सुश्रुतांनी बजावले आहे. तीव्र काचबिंदूत अर्धे डोके ठणकते, वांती होते आणि रुग्ण 'पित्त झाले' म्हणून आपल्याकडे येतो. म्हणून शिरःशूल व वमन असलेल्या रुग्णाचा डोळा पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. डोळा लाल व बाहुली विस्फारलेली असल्यास त्यास तासाभराचाही विलंब न करता पाठवावे.

प्रौढवयात मधुमेह झालेल्या रुग्णाचे दृष्टिपटल निदानाच्या वेळीच व नंतर दरवर्षी तपासले पाहिजे. दिसण्यात फरक पडेपर्यंत थांबल्यास बराच काळ वाया जातो.

वार्धक्य

कफज लिंगनाशावरील सुश्रुतोक्त शस्त्रकर्मात गढूळ भिंग दृष्टिमार्गातून दूर सारीत. १७४७ साली दाव्हिएल यांनी भिंग बाहेर काढले, तर १९४९ साली लंडनमध्ये रिडली यांनी कृत्रिम भिंग बसविले. आज शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. अतिपक्व झाल्यास उलट नेत्रदाब वाढू शकतो. मोतीबिंदू विरघळविणारे थेंब सिद्ध झालेले नाहीत, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

चिकित्सालयात काय करावे?

सहा मीटर अंतरावरून वाचावयाचा दृष्टितक्ता व एक चांगली विजेरी प्रत्येक चिकित्सालयात असावी. प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे तपासून केसपेपरवर नोंदवावी. तर्पण व आश्च्योतनासाठी निर्जंतुक द्रव्येच वापरावीत. व्रण, अलीकडील शस्त्रक्रिया किंवा तीव्र शोथ असता क्रियाकल्प टाळावेत. रुग्णास योग्य समयी योग्य हाती सोपविणे हेदेखील वैद्याचे कर्तव्यच होय, आणि नेत्राच्या बाबतीत ते प्रथम कर्तव्य आहे.