आधी आईबाप दाखवा!

बालमित्रांनो, मागच्या जुलैमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजवून. "बाई, माझी कडकनाथं मेली," एवढंच म्हणाला आणि खाली मान घालून बसला.

झालं होतं असं. नातवाच्या हट्टापायी आजीने अंडी विकून साठवलेले पैसे मोडले. आठवडी बाजारात मोटारसायकलला जाळीच्या पेट्या बांधून एक माणूस आला होता. "अस्सल झाबुआचा माल, आजी! सगळ्या तलंगा. अंडंसुद्धा काळं देतील बघा!" आजीने वीस पिल्ले घेतली. पंधरा दिवसांत बारा दगावली. हिरवट हगवण, लटपटणारे पाय, वाकड्या झालेल्या माना. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव राणीखेत. उरलेली आठ जगली, पण त्यांचे पाय फिके पडत गेले आणि तुरे लालभडक झाले. विकणाऱ्याचा फोन लागेना. पुढच्या बाजारी तो फिरकलाच नाही.

आता कडकनाथ म्हणजे काय, ते आधी पाहू. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर भागातली कोंबडी. भिल्ल आणि भिलाला लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला 'कालामासी' म्हणतात, कारण तिची पिसेच काय, कातडी, पाय, जीभ आणि मांसही काळे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपल्या नाशिकच्या द्राक्षांसारखाच सरकारी मान! रक्त मात्र लालच असते बरं का. आणि अंडे? ते फिकट तपकिरी. काळ्या अंड्याची गोष्ट शुद्ध थाप आहे. जो विक्रेता ती सांगतो, त्याच्याकडून काढता पाय घ्यावा.

'तलंगा' ही दुसरी थाप. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. एक दिवसाच्या पिल्लात नर कोणता, मादी कोणती हे ओळखायला चांगला सराव लागतो. बाजारात उभ्या उभ्या ते कोण सांगणार? अशा घोळक्यात साधारण निम्मे कोंबडेच निघतात. प्रामाणिक माणूस तसे आधीच सांगतो.

"पण बाई, पिल्लं काळीच होती की!" माझा विद्यार्थी म्हणाला. अरे, ऑस्ट्रलॉर्प नावाची परदेशी जात आहे, तीही काळीकुळकुळीत. पण तुरा लाल आणि कातडी गोरी. कडकनाथच्या पिल्लाची चोच उघडून जीभ पाहावी, पाय पाहावेत. सगळे काळसर हवे.

तरीही एवढ्याने भागत नाही. कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबडी यांच्या संकरातलीही बरीच पिल्ले काळसरच निघतात, कारण काळ्या कातडीचा गुण जोरकस आहे. फसवणूक त्या पिढीत दिसतच नाही. त्या पिल्लांची पिल्ले झाली, की एक काळे, एक सावळे, एक गोरे, असे रंग फुटतात. तोवर वर्ष उलटलेले असते. म्हणून पिल्लू पाहून भुलू नका, त्याचे आईबाप पाहा. 'खाण तशी माती' असे आपले मोठे लोक म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे आहे.

ऑगस्टमध्ये मी, आजी आणि तो मुलगा अकोले तालुक्यातल्या एका ताईंकडे गेलो. पत्ता जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिला होता. ताईंनी आम्हाला फाटकातच थांबवले, हातपाय धुवायला लावले आणि कोंबड्या जाळीबाहेरूनच दाखवल्या. आजी जाम रागावली. "आमी काय रोगराई घिऊन आलोय का?" खरे सांगायचे तर मलाही ते थोडे लागले. पण मग आठवले, २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्ल्यू आला. देशातली ती पहिलीच साथ. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. रोग चपलेच्या तळव्यालाही चिकटून जातो. जो कोणालाही खुशाल आत फिरू देतो, त्याच्याकडेच जास्त धोका.

जाळीपलीकडे काळे कोंबडे ऐटीत फिरत होते. माझ्या विद्यार्थ्याने वहीत प्रश्न लिहून आणले होते. (मीच सांगितले होते; अक्षर मात्र त्याचे!) एका कोंबड्यामागे किती कोंबड्या? आठ ते दहा. कोंबडा शेवटचा कधी बदलला? हा प्रश्न महत्त्वाचा. एकाच घरातले नरमादी वर्षानुवर्षे ठेवले तर पिल्ले अशक्त होत जातात. ताई म्हणाल्या, "गेल्या वर्षी. दुसरीकडून आणला." त्यांनी वहीच पुढे केली. कोणत्या तारखेला किती अंडी उबवणी यंत्रात ठेवली, एकविसाव्या दिवशी किती फुटली, किती मेली, सारे लिहिलेले. मेलेल्यांचा आकडाही! 'आमच्याकडे मरतूक होतच नाही' म्हणणाऱ्यापेक्षा मला ही वही जास्त पटली. लसींचेही तसेच. मॅरेक्सची लस पहिल्याच दिवशी मानेत टोचतात, राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. त्याच्या तारखा होत्या.

"मग वीस पिल्लं द्या," आजी म्हणाली.

"आत्ता नाहीत आजी. नोंद करते. दिवाळीनंतर या."

आजीचा चेहरा पुन्हा उतरला. परतताना एसटीत मी तिला महेंद्रसिंह धोनीची गोष्ट सांगितली. त्याच्या रांचीच्या शेतासाठी झाबुआकडच्या २००० कडकनाथ पिल्लांची मागणी नोंदवली होती. पण तिथे बर्ड फ्ल्यू आला आणि पिल्ले पोचायला २०२२ चा एप्रिल उजाडला. धोनीलासुद्धा थांबावे लागले! आजीला धोनी ठाऊक नव्हता, नातू मात्र खूश झाला.

पालकांसाठी थोडे वेगळे सांगते. पिल्ले घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे कोणी म्हणाले तर तो पिल्ले विकत नसून स्वप्ने विकतो आहे असे समजा. इमूच्या वेळी हेच झाले होते. २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ योजनेतही शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि प्रकरण पोलिसांत गेले. बिचाऱ्या कोंबडीचा त्यात काय दोष? शंका असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथेही विचारता येते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. आजीने या वेळी सांगण्याआधीच पाय धुतले. वीसऐवजी बाराच पिल्ले घेतली. ताईंनी प्रत्येक पिल्लू उलटे करून दाखवले: बेंबी सुकलेली, मागची बाजू स्वच्छ, डोळे टपोरे. पावती दिली. पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंशांची ऊब ठेवायची आणि मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायची, हेही बजावले. तरी कडाक्याच्या थंडीत एक पिल्लू गेलेच. मुलगा रडला, पण या वेळी वहीत तारीख लिहून ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी स्वारी हातरुमालात काहीतरी गुंडाळून आली. सगळा वर्ग भोवती जमला. रुमालात छोटेसे, फिकट तपकिरी अंडे होते.

"ई, हे तर साधंच आहे!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"साधंच असतं," तो म्हणाला आणि अंडे परत रुमालात ठेवले.