चार नावं, एक यंत्र : अपरिचित चिनी म्युझिक प्लेयर कसे पारखावेत

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला होता. आजचं व्याख्यान त्याच्यावरच आहे. त्यांनी वडिलांच्या साठ मिनिटांच्या ऐंशी कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. नाट्यसंगीत, काही मैफली, थोडी कीर्तनं. हे सगळं आईला ऐकायचं आहे. फोनच्या काचेवर बोट फिरवणं त्यांना जमत नाही. पाच-सहा हजारांत चिनी प्लेयर मिळतात, पण नावं कधी ऐकलेली नाहीत. कोणता घ्यावा?

प्रश्न साधा वाटतो, पण दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की डोकं चक्रावतं. सर्फन्स, हायफायवॉकर, आयगो, एक्सड्यूओ, हिडिझ, बेंजी, एजीपीटेक. आपण काय करतो? या नावांची एकमेकांशी तुलना करायला बसतो. माझं म्हणणं असं की तुलना नावांची करायचीच नाही, आतल्या यंत्राची करायची.

का, ते सांगतो. रॉकबॉक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. प्लेयरचं मूळ सॉफ्टवेअर बाजूला ठेवून हे त्यावर चालवता येतं. २००१ पासून जगभरचे हौशी प्रोग्रॅमर ते लिहीत आले आहेत. आता या लोकांना प्लेयरच्या पोटात शिरावंच लागतं. त्यांच्या यादीत आयगो इरॉस क्यू, इरॉस के, सर्फन्स एफ२० आणि हायफायवॉकर एच२ ही चार नावं एकाच ओळीत येतात, कारण चौघांत एकच यंत्र आहे. एजीपीटेक रॉकर आणि बेंजी टी६ यांचंही तसंच. एकच बाळ, बारशी मात्र दोन-दोन, चार-चार.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त फसवं असतं. याच इरॉस क्यू कुटुंबात पुढे आतली डीएसी चिप बदलली. आधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती, नंतर ईएसएसची आली. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं परीक्षण वाचून घेतलेल्या खोक्यात वेगळीच चिप निघू शकते. काही कंपन्या असा बदल उघड सांगतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि तिच्या डीएसी चिप मिळेनाशा झाल्या. तेव्हा फियो कंपनीने एम११ प्लसची ईएसएस चिपवाली आवृत्ती काढली आणि नावातच 'ईएसएस' घातलं. हा प्रामाणिकपणा सगळीकडे मिळेलच असं नाही.

मग आत असतं तरी काय? चार भाग लक्षात ठेवा. पहिला, मुख्य प्रोसेसर. फाइल वाचणं, पडदा चालवणं ही त्याची कामं. बीजिंगच्या इंजेनिक कंपनीचे प्रोसेसर या बाजारात जागोजागी सापडतात. एक्स१००० ही त्यांची चिप इरॉस क्यूमध्ये आहे, फियो एम३केमध्ये आहे, शानलिंग एम०मध्येही आहे. दुसरा, डीएसी, म्हणजे आकड्यांचं विद्युत लहरीत रूपांतर करणारा भाग. तिसरा, त्या लहरीला बळ देणारा अँप्लिफायर. आणि चौथा, सॉफ्टवेअर.

जाहिरात यातल्या एकाच भागाची होते, ती म्हणजे डीएसीची. "३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ" असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. सीडीचा दर्जा किती? १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. सोळा बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. घरातल्या कॅसेटची तेवढी ऐपतच नसते, तिची खरखर त्याच्या खूप आधी सुरू होते. तेव्हा आपल्या श्रोत्यांच्या ऐंशी कॅसेटींना खोक्यावरच्या या आकड्याचा काडीचा उपयोग नाही.

जागेचाही हिशेब करू. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण ६३५ एमबी भरतं. ऐंशी तासांचे झाले सुमारे ५१ जीबी. फ्लॅक या प्रकारात, दर्जा जराही न गमावता, ते बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पुरे. ज्यादा पैसे देऊन मोठी मेमरी घ्यायची गरज नाही.

आता जाहिरातीत सहसा नसणारा आकडा : आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्लेयरचा स्वतःचा आतला अडथळा. समजा प्लेयरचा अडथळा १० ओहम आहे. इयरफोन महागाचा, अनेक ड्रायव्हरवाला आहे आणि त्याचा अडथळा सुरानुसार ८ ते ४० ओहम बदलतो. तर ४० ओहमच्या ठिकाणी इयरफोनला ८० टक्के व्होल्टेज मिळतं आणि ८ ओहमच्या ठिकाणी फक्त ४४ टक्के. फरक पाच डेसिबलचा. काही स्वर पुढे येतात, काही मागे पडतात, आणि आपण म्हणतो "या प्लेयरचा आवाज वेगळाच आहे बुवा!" तोच प्लेयर १ ओहमचा असता तर फरक एका डेसिबलच्याही आत राहिला असता. साध्या, एका ड्रायव्हरच्या इयरफोनचा अडथळा मात्र फारसा बदलत नाही. आई तसा वापरणार असतील तर ही काळजी सोडून द्या.

राहिलं सॉफ्टवेअर. रोजचा त्रास किंवा सुख इथून येतं. मी स्वतः एक स्वस्त प्लेयर घेतला होता, नाव सांगत नाही. त्यात 'किशोरी' लिहिलेलं धड वाचता येईना. ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसायची. कारण असं की युनिकोडमध्ये आधी 'क' साठवला जातो, मग वेलांटी, आणि पडद्यावर काढताना क्रम उलटावा लागतो. साध्या सॉफ्टवेअरला हे शिकवलेलं नसेल तर अक्षरं साठवल्या क्रमानेच उमटतात, जोडाक्षरंही सुटी पडतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेयरमध्ये ही अडचण सहसा येत नाही, पण ते महाग, आणि त्यांत पुन्हा काचेवर बोट फिरवणं आलंच.

दुसरी गोष्ट, अखंड वादन. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असेल आणि मध्ये प्लेयर अर्धा सेकंद थांबत असेल, तर नेमकी सम हुकते. हा दोष चिपचा नसतो, सॉफ्टवेअरचा असतो.

आता या नजरेने थोडी तुलना करू. एक्सड्यूओ एक्स३ बघा. छोटा एकरंगी पडदा, सगळी बटणं, दोन कार्डांची सोय, सिरस लॉजिकची सीएस४३९८ ही डीएसी, आणि वर रॉकबॉक्सही चालतं. दिसायला ओबडधोबड, पण आतलं सामान चांगलं. शानलिंग एम० याच्या अगदी विरुद्ध : काडेपेटीची आठवण यावी एवढा, दीड इंचाचा स्पर्शपडदा. देखणा आहे, पण वयस्कर बोटांसाठी नाही. आयबासो डीएक्स५० हा २०१३ चा, त्याची बॅटरी मागून काढून बदलता यायची, आणि त्यात सॅमसंग गॅलेक्सी एस३ची बॅटरी बसायची. आज बहुतेक प्लेयरची बॅटरी आत बंद असते. ती दमली की यंत्रही निवृत्त.

तर आपल्या श्रोत्यांना माझं उत्तर. एक, बटणांचाच घ्या. दोन, रॉकबॉक्सच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा. असेल तर कंपनीने हात वर केले तरी सॉफ्टवेअरचा दुसरा रस्ता उरतो. तीन, त्याच यादीत त्याची जुळी भावंडं दिसतील. त्यांतलं जे स्वस्त आणि परत करता येणारं, ते घ्या. आल्याबरोबर कार्डवर तीन गोष्टी टाकून तपासा : मराठी नावांच्या काही फाइली, दोन भागांत तोडलेली एक मैफल, आणि एक मिनिटाची निव्वळ शांतता. नावं वाचता आली पाहिजेत, सम चुकता कामा नये, शांततेत सूं-सूं ऐकू येता कामा नये. यातलं एक जरी बिघडलं तरी मुदतीच्या आत परत पाठवा.

मराठी नावं नीट दिसतच नसतील आणि बाकी सगळं पसंत असेल, तर फाइलींना आकडे द्या. ०१ ते ८०. तेच आकडे कॅसेटींच्या जुन्या खोक्यांवर चिकटवा. वडिलांच्या अक्षरातली यादी त्या खोक्यांवर असेलच. आई खोका हातात घेतील, आकडा बघतील आणि बटण दाबतील. एवढं झालं की प्लेयरवर नाव कोणाचं आहे, याने काही बिघडत नाही.

आता प्रश्न घेऊ.