विश्लेषण : गरिबांसाठी ‘न परवडणारा’ उपचार हार्वर्डच्या प्राध्यापकाने शक्य कसा करून दाखवला?

विद्यापीठातले पद, संशोधन आणि गरीब रुग्णाचा उपचार यांची सांगड घालणारे म्हणून हार्वर्डचे प्राध्यापक डॉ. पॉल फार्मर (१९५९-२०२२) ओळखले जातात. जागतिक आरोग्य क्षेत्रात त्यांचे नेतृत्व वेगळे का ठरले?

सुरुवात कुठून झाली?

फार्मर १९८३ मध्ये हैतीला गेले. पुढे हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकतानाही ते तेथील कांज गावात काम करत राहिले. १९८७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था स्थापन केली.

रुग्ण उपचार अर्धवट का सोडत?

क्षयरोगाची औषधे मोफत असूनही अनेक रुग्ण बरे होत नव्हते. कारण अंधश्रद्धा की गरिबी, हे तपासण्यासाठी दोन गट केले गेले. एका गटाला केवळ मोफत औषधे, तर दुसऱ्याला त्यासोबत आहार आणि प्रवासासाठी पैसे व घरभेटी मिळाल्या. दुसऱ्या गटातील सर्व रुग्ण बरे झाले. पहिल्या गटात हे प्रमाण बरेच कमी राहिले.

पेरूमध्ये काय घडले?

नव्वदच्या दशकात लिमा शहराच्या झोपडपट्टीत नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग आढळला. त्यावरील उपचार गरीब देशांना परवडणारे नाहीत, असे तेव्हा आरोग्य क्षेत्रातील धुरिणांचे मत होते. म्हणजेच हे रुग्ण जवळपास वाऱ्यावर सोडलेले होते. फार्मर, डॉ. जिम योंग किम आणि पेरूचे डॉ. हाइमे बायोना यांनी त्यांच्यावर घरीच उपचार सुरू केले. किमान चार महिने उपचार घेतलेल्या ६६ रुग्णांपैकी ५५ जण, म्हणजे ८३ टक्के, बरे झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे. दरम्यान, एकत्रित खरेदीमुळे काही औषधांच्या किमती ९० टक्क्यांहून अधिक घसरल्या आणि जागतिक धोरणही बदलले.

प्रेरणा टिकली कशी?

केवळ सेवाभावावर काम चालत नाही, हे फार्मर जाणून होते. रोज रुग्णाच्या घरी जाऊन औषध देणाऱ्या गावकऱ्यांना त्यांनी मानधन दिले. किम पुढे २०१२ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. फार्मर यांनी मात्र रुग्णसेवा सोडली नाही. रवांडातील बुटारो येथे, आरोग्यातील समतेसाठी उभारलेल्या विद्यापीठाच्या परिसरात, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते तेथे शिकवत होते.