विश्लेषण : ईमेल तोच, विषयही तोच, मग सॉफ्टवेअरची चाचणी नापास का होते?

'वीजबिल भरल्याची पावती' असा विषय असलेला ईमेल फोनवर येतो, तेव्हा हे तीन मराठी शब्द बहुतेक वेळा जसेच्या तसे प्रवास करून आलेले नसतात. वाटेत त्यांचे रूपांतर इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हांच्या एका लांबलचक रांगेत झालेले असते. फोनवरचे मेल ॲप ती रांग उलगडते आणि आपल्याला पुन्हा मराठी दिसते. हे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती आली की कधी कधी एक विचित्र प्रकार घडतो. ईमेल बरोबर जातो, वाचणाऱ्याला बरोबर दिसतो. पण तो पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या मात्र लाल दिवा दाखवतात. मग टीम नवी आवृत्ती लांबणीवर टाकते आणि तिच्यासोबत आलेली सुरक्षा दुरुस्तीही अडकून पडते. असे का होते आणि ते टाळणाऱ्या चाचण्या कशा लिहायच्या, ते समजून घेऊ.

ईमेलमध्ये मराठी थेट का जात नाही?

ईमेलचे दोन भाग असतात : मजकूर आणि त्याच्या वरचा हेडर. कोणी पाठवला, कोणाला पाठवला, कधी पाठवला आणि विषय काय, ही माहिती हेडरमध्ये असते. हेडरचे स्वरूप ठरवणारे 'आरएफसी ८२२' हे मानक १९८२ मधले. त्यात फक्त 'ॲस्की' संचातली १२८ चिन्हे गृहीत धरलेली होती. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे, बस्स. देवनागरीला त्यात जागाच नव्हती.

यावर १९९२ मध्ये तोडगा निघाला आणि १९९६ मध्ये कीथ मूर यांनी लिहिलेल्या 'आरएफसी २०४७' या दस्तऐवजात तो आजच्या रूपात आला. कल्पना सोपी आहे. रस्ता फक्त ॲस्कीचा असेल, तर मराठी मजकूर ॲस्कीच्या वेष्टनात गुंडाळून पाठवायचा. या वेष्टनाला 'एन्कोडेड वर्ड' म्हणतात. त्याच्या सुरुवातीला बरोबरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह, मग लिपीसंचाचे नाव, मग गुंडाळण्याची पद्धत, मग प्रत्यक्ष मजकूर आणि शेवटी पुन्हा प्रश्नचिन्ह व बरोबरचे चिन्ह.

हेडरमध्ये थेट यूटीएफ-८ मजकूर पाठवण्याची सोय २०१२ च्या मानकांनी करून दिली. पण त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ती मान्य असावी लागते. त्यामुळे जुने वेष्टन अजूनही रोजच्या वापरात आहे.

एकाच विषयाची किती रूपे होऊ शकतात?

खरी गोम इथेच आहे. मानक दोन पद्धतींना परवानगी देते : 'बी' म्हणजे बेस-६४ आणि 'क्यू'. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. बी पद्धतीत ३ बाइटची ४ अक्षरे होतात. क्यू पद्धतीत त्याच ३ बाइटची ९ अक्षरे.

'वीजबिल भरल्याची पावती' यात देवनागरीची १९ चिन्हे आणि २ मोकळ्या जागा आहेत. म्हणजे एकूण ५९ बाइट. बी पद्धतीत त्यांची ८० अक्षरे होतात, क्यू पद्धतीत १७३.

आता दुसरा नियम. एक एन्कोडेड वर्ड वेष्टनासह ७५ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि तो ज्या ओळीत आहे ती ओळ ७६ अक्षरांपेक्षा लांब नसावी. वेष्टनातच १२ अक्षरे जातात. म्हणून आपल्या विषयाचे बी पद्धतीत किमान दोन आणि क्यू पद्धतीत किमान तीन तुकडे करावे लागतात. ते कुठे करायचे, हे मात्र लायब्ररीवर सोडलेले आहे.

समजा, एका लायब्ररीने 'सब्जेक्ट' हे हेडरचे नाव पहिल्या ओळीवर एकटेच ठेवले आणि मजकूर पुढच्या ओळीपासून सुरू केला. मग पहिल्या तुकड्यात 'वीजबिल भरल्याची' एवढे मावते आणि 'पावती' दुसऱ्यात जाते. दुसऱ्या लायब्ररीने त्याच ओळीवर मजकूर सुरू केला, तर हेडरचे नाव, कोलन आणि मोकळी जागा यातच ९ अक्षरे संपतात. आता पहिल्या तुकड्यात 'वीजबिल भरल्या' एवढेच बसते आणि दुसरा तुकडा 'ची पावती' असा सुरू होतो. हेही चालते, कारण लागून आलेल्या दोन एन्कोडेड वर्डमधली मोकळी जागा वाचताना सोडून द्यायची, असे मानकच सांगते.

याशिवाय लिपीसंचाचे नाव मोठ्या लिपीत लिहा की लहान, अर्थ एकच. क्यू पद्धतीत मोकळ्या जागेसाठी अधोरेषा वापरा की तिचा सांकेतिक अंक, अर्थ एकच. एका विषयाची अशी कितीतरी रूपे होतात आणि ती सगळी बरोबर असतात.

मग चाचणी कुठे अडखळते?

स्वयंचलित चाचणी म्हणजे कोड बरोबर चालतो का, हे तपासणारा दुसरा छोटा कोड. अनेकदा ती अशी लिहिली जाते : ईमेल तयार करा, हेडरमध्ये आलेली रांग पाहा आणि ती चाचणीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी अगदी तीच रांग आली तर पास, एक अक्षर जरी बदलले तरी नापास.

ही चाचणी आपला कोड तपासत नाही. लायब्ररीने त्या दिवशी कोणते रूप निवडले, एवढेच ती लक्षात ठेवते. उत्तरपत्रिकेतला अर्थ न बघता गाईडमधले वाक्य शब्दशः आले का, हे पाहून गुण देण्यासारखा हा प्रकार आहे.

लायब्ररी आपले उत्तर का बदलते?

पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. तिच्यासोबतच येणाऱ्या ईमेल लायब्ररीत आज दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदतात. जुनी पद्धत पूर्वीपासूनची. नवी पद्धत २०१२ च्या ३.३ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली आणि २०१६ च्या ३.६ आवृत्तीत पक्की झाली.

यूटीएफ-८ मजकुरासाठी जुनी पद्धत बी आणि क्यू यांपैकी जे लहान पडेल ते निवडते. नवी पद्धत क्यूकडे थोडी झुकलेली आहे : क्यू ४ अक्षरांपर्यंत लांब पडत असला, तरी ती क्यूच घेते. साहजिकच इंग्रजी आणि इतर लिपीची सरमिसळ असलेल्या काही हेडरमध्ये दोघींची उत्तरे वेगळी येतात. जँगो या लोकप्रिय वेब फ्रेमवर्कने डिसेंबर २०२५ मधल्या ६.० आवृत्तीत आपली ईमेल यंत्रणा पायथनच्या नव्या पद्धतीवर नेली. असा बदल झाला, की अक्षर न् अक्षर जुळवणाऱ्या चाचण्यांची परीक्षाच होते.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो?

समजा, एखाद्या संकेतस्थळावर तुम्ही टाइप केलेले नाव ईमेलच्या हेडरमध्ये जाते. कोणी नावाच्या जागी नाव, मग नवी ओळ आणि त्यापुढे स्वतःचा एखादा हेडर लिहिला तर? सॉफ्टवेअर बेसावध असेल, तर ती ओळ खरा हेडर समजली जाते आणि ईमेलची प्रत भलत्याच पत्त्यावर जाऊ शकते. याला 'हेडर इंजेक्शन' म्हणतात.

पायथनच्या ईमेल लायब्ररीत याच जातीची त्रुटी सापडली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६९२३. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ३.१२.५ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. आता हेडर लिहिताना अशी घुसलेली ओळ आढळली, तर लायब्ररी ईमेल तयार करण्यास नकार देते.

ही दुरुस्ती मोठ्या आवृत्तीतून नाही, तर ३.१२.४ वरून ३.१२.५ अशा छोट्या पावलातून आली, हे ध्यानात घ्यायला हवे. ज्या टीमच्या चाचण्या प्रत्येक छोट्या बदलाला खोटा लाल दिवा दाखवतात, ती टीम दोनपैकी एक करते. जुन्या आवृत्तीवर खिळून बसते किंवा न वाचता नवी रांग चाचणीत चिकटवून मोकळी होते. पहिल्यात दुरुस्ती मिळत नाही. दुसऱ्यात एखादी खरी चूकही 'अपेक्षित उत्तर' म्हणून नोंदली जाते.

चांगली चाचणी काय तपासते?

तिने दोनच प्रश्न विचारावेत. वाचणाऱ्याला नेमके काय दिसेल? आणि वाटेतले नियम पाळले गेले का?

पहिल्या प्रश्नासाठी तयार झालेला ईमेल पूर्ण बाइटच्या स्वरूपात घ्यायचा, तो पुन्हा वाचायचा, हेडर उलगडायचा आणि निघालेला विषय मूळ मराठी विषयाशी जुळवायचा. तुकडे दोन झाले की तीन, बी वापरला की क्यू, याच्याशी चाचणीला देणेघेणे नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मानकातले नियम एकेक करून तपासायचे. हेडरमध्ये ॲस्कीबाहेरचा एकही बाइट नाही ना? तुकड्यांची आणि ओळींची लांबी मर्यादेत आहे ना? प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडला तर पूर्ण चिन्हेच निघतात ना? हा शेवटचा नियम मराठीसाठी फार महत्त्वाचा आहे. ३ बाइटचे चिन्ह मधोमध कापले गेले, तर काही मेल ॲप ते कसेबसे जोडून घेतील. काहींवर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसेल.

सुरक्षेची चाचणीही अशीच निकालावर बेतलेली हवी. नावात नवी ओळ घालून ईमेल तयार करायचा प्रयत्न करा. एक तर त्रुटी यावी, नाही तर बाहेर पडलेल्या ईमेलमध्ये एकही जादा हेडर नसावा. त्रुटीच्या संदेशातले शब्द जुळवत बसू नये; ते पुढच्या आवृत्तीत बदलू शकतात.

फक्त उलगडून पाहणे पुरेसे आहे का?

नाही. गुंडाळणारी आणि उलगडणारी लायब्ररी एकच असेल, तर दोन्हीकडे सारखीच चूक असू शकते. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासला, तर घोळ सापडत नाही. म्हणून मानकानुसार हाताने तपासलेले काही नमुना ईमेल फाइलच्या रूपात जपून ठेवावेत आणि लायब्ररी ते बरोबर वाचते का, हे वेगळे पाहावे. शक्य असेल तिथे तयार झालेला ईमेल दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने उलगडून बघावा.

याच चाचण्या आपण वापरायला परवानगी देतो त्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या, अशा दोन्ही आवृत्त्यांवर रोज चालवाव्यात. येऊ घातलेल्या आवृत्तीवरही चालवल्या तर उत्तम. तिथे आलेला लाल दिवा काम थांबवत नाही, पण आधी सूचना देतो.

आवृत्तीचा क्रमांक पाहून चाचणी बदलावी का?

काही वेळा दोन आवृत्त्यांचे वागणे खरेच वेगळे असते. तेव्हा 'क्रमांक अमुकपेक्षा मोठा असेल तर हे उत्तर, नाही तर ते' असे लिहिण्याचा मोह होतो. पण क्रमांक फसवू शकतो. लिनक्सच्या अनेक वितरणांमध्ये सुरक्षा दुरुस्ती जुन्याच क्रमांकाच्या आवृत्तीत मागून बसवली जाते. क्रमांक जुना, वागणे नवे.

यापेक्षा ती सोय आहे का, हे थेट विचारावे. सीव्हीई-२०२३-२७०४३ या त्रुटीनंतर पायथनमध्ये ईमेल पत्ता वाचणाऱ्या दोन फंक्शनांना 'स्ट्रिक्ट' हा पर्याय मिळाला. ही सोय उपलब्ध आहे की नाही, हे सांगणारी खूणही लायब्ररीत ठेवलेली आहे. चाचणीने ती खूण पाहावी, क्रमांक नव्हे.

मराठीसाठी कोणते नमुने हवेत?

युरोपीय भाषांतल्या एखाद्या अक्षरावरचे टिंब तपासले म्हणजे मराठी तपासली, असे होत नाही. दोन तुकड्यांत जाईल इतका लांब विषय हवा. जोडाक्षरे हवीत, इंग्रजी आणि मराठी मिसळलेले विषय हवेत, ४ बाइटची इमोजी हवी आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा नेमक्या तुकड्याच्या टोकाला येतील असे नमुने हवेत.

'वऱ्हाड' हा शब्द तर हमखास ठेवावा. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला दोन्ही सारखे, बाइट मात्र वेगळे. ज्या रूपात शब्द दिला त्याच रूपात तो परत आला पाहिजे. नाही तर नावाने शोधणाऱ्याला तो ईमेल सापडणारच नाही.

वापरकर्त्याने काय लक्षात घ्यावे?

विषयाच्या जागी प्रश्नचिन्हे आणि इंग्रजी अक्षरांची रांग दिसली, तर फोन बिघडलेला असतोच असे नाही. पाठवणाऱ्याचे किंवा वाचणाऱ्या ॲपचे सॉफ्टवेअर चुकलेले असू शकते. त्या ईमेलचा मूळ स्रोत जतन करून पाठवणाऱ्या संस्थेला कळवले, तर चूक शोधणे सोपे जाते. आणि अशी तक्रार हातात आलेल्या टीमने दुरुस्तीच्या आधी एक काम करावे : तोच विषय चाचणीच्या नमुन्यांत टाकावा, म्हणजे पुढची आवृत्ती आली तरी ती चूक पुन्हा नजरेतून सुटणार नाही.