ऑर्क जन्मतःच दुष्ट का ठरतो?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो रचला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण डन्जन मास्टर होऊन जग आणि प्रसंग उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जमले की फसले, ते फासे ठरवतात. आज टेबलावर आणि संगणकावर खेळल्या जाणाऱ्या बहुतेक रोलप्लेइंग गेमची मुळे या खेळात आहेत, आणि त्यांतल्या शत्रूंचीही. ऑर्क, गॉब्लिन, कोबोल्ड, नॉल अशी त्यांची नावे. ते दोन पायांवर चालतात, बोलतात, हत्यारे घडवतात, टोळीने राहतात, देवांना भजतात, पोरे वाढवतात. माणसाचे सगळे त्यांच्यात आहे, तरी त्यांना मारताना खेळणाऱ्याला थबकावे लागत नाही. याचे कारण कथेत कमी आणि नियमांत जास्त सापडते.

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक जीवाची नोंद आहे. चिलखत किती, हल्ले किती, खजिना किती, आणि त्याच रांगेत ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक कल. खेळणाऱ्याचे पात्र माणूस असेल तर हा कल तो स्वतः निवडतो. ऑर्कच्या नोंदीत मात्र ‘दुष्ट’ हे आधीच छापलेले आहे, साऱ्या जमातीसाठी एकदाच. त्याच नोंदीत त्यांच्या वस्तीत माद्या आणि पिल्ले किती सापडतील याचेही प्रमाण दिले आहे. कादंबरीत निवेदक एखाद्या जमातीला नीच म्हणाला तर वाचक त्याच्यावर शंका घेऊ शकतो. खेळात तशी सोय नाही, कारण नियमपुस्तक म्हणजे त्या जगाचा निसर्गनियमच. दगड वरून खाली पडतो, तसा ऑर्क दुष्ट असतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्कची ताकद दोन गुणांनी वाढवली आणि बुद्धी व व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव दोन-दोन गुणांनी कापला. एरवी पूर्वग्रह म्हणून ज्यावर वाद घालता आला असता, ते इथे मोजलेले सत्य झाले. त्यात भर म्हणजे मारलेल्या शत्रूबद्दल अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साठले की पात्र बलवान होते. मारणे हीच प्रगती, असे गणितच मांडलेले आहे.

या गणिताची अडचण खेळाला फार लवकर भेटली. १९८० च्या आसपास नवशिक्यांसाठीच्या संचाच्या खोक्यातच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही गायगॅक्सने लिहिलेली मोहीम मिळू लागली, त्यामुळे असंख्य मुलांचा पहिला खेळ तोच ठरला. सरहद्दीवर माणसांचा किल्ला, पलीकडे घळीत एकेका जमातीच्या गुहा, आणि आत जाऊन त्या साफ करायच्या. पण त्या गुहांत बायका आणि लहान पोरेही आहेत, आणि कोबोल्डांची पिल्ले हल्ला करत नाहीत असे मजकुरातच नोंदलेले आहे. त्यांचे काय करायचे? २००५ साली वाचकांच्या प्रश्नांना लेखी उत्तरे देताना गायगॅक्सने या कोड्यावर आपले मत दिले आणि त्यासाठी कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या उक्तीचा आधार घेतला. लिखांच्याच पुढे उवा होतात, म्हणून लिखाही चिरडाव्यात, असा तिचा आशय. हा चिव्हिंग्टन म्हणजे २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोराडोत सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर तुटून पडलेल्या सैनिकांचा म्होरक्या. मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे होते. ऑर्कची कल्पना अमेरिकेच्या सरहद्दीवरून जशीच्या तशी उचलली, असे यावरून म्हणता येत नाही. पण गुहेतल्या पिल्लाचा निकाल लावायला खुद्द निर्मात्याला खऱ्या कत्तलीची भाषा जवळची वाटली, हा पुरावा मला डावलता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ऑर्क अस्तित्वात नाहीत. त्यांच्यात अमुक एका मानवसमाजाचा चेहरा पाहणे हाच त्या समाजाचा अपमान नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, आणि ऑर्क म्हणजे अमुक लोक असे समीकरण मांडणारे खरोखर चुकतात. आधुनिक ऑर्कचे मूळ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनकडे जाते. त्याने १९५८ च्या एका पत्रात ऑर्कच्या चेहरेपट्टीची तुलना मंगोल चेहऱ्यांशी केली होती. त्याच टोल्किनने १९३८ साली आर्यवंशाची खात्री मागणाऱ्या जर्मन प्रकाशकावर संताप व्यक्त केला, आणि संपूर्ण जमात उद्धारापलीकडची कशी असू शकते हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत छळत राहिला. तेव्हा कुणाचा मुखवटा कुणाला चढवला, यावर अडून बसण्यात अर्थ नाही. पाहायचा तो युक्तिवादाचा साचा. अमुक कुळात जन्म झाला म्हणून स्वभाव ठरला, आणि स्वभाव ठरला म्हणून वागणूकही ठरली. महाराष्ट्राला हा साचा परका नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा समाजांवर तो बसला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या सक्तीच्या वसाहतीत, माणसे तारेच्या कुंपणामागे राहिली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेलेला नाही. ऑर्क हे पारधी नव्हेत. पण जन्मावरून नीती ठरवणारे नियमपुस्तक कसे दिसते, हे या भूमीने प्रत्यक्ष भोगले आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास तलवार चालवायची असते; प्रत्येक वाराआधी न्यायनिवाडा कशाला? ही गरज मी खरी मानतो. पण तिच्यासाठी वाईट जमात लागत नाही. गाव जाळायला आलेली टोळी पुरते, कारण तिची करणी समोर दिसते. चालती प्रेते आहेत, पिशाच्चे आहेत, सोन्यासाठी खून करणारा सरदार आहे. खरे तर अशी लढाई जास्त रंगते, कारण शत्रूला काहीतरी हवे असते, तो घाबरतो, पळतो, तह मागतो.

हे नुसते म्हणणे नाही, करून दाखवलेले आहे. केऑसियम या प्रकाशनाच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळासाठी १९८२ साली ‘ट्रोलपाक’ आले, त्यात ट्रोल या एकाच जमातीचा इतिहास, आहार, देवधर्म आणि घरदार तपशिलाने मांडले होते. पाताळातल्या अंधारात त्यांचे घर होते. सूर्यदेव मारला जाऊन पाताळात उतरला, त्याच्या प्रकाशाने ते होरपळले आणि पृथ्वीवर पळून आले. पुढे एका शापाने त्यांच्या बायकांच्या पोटी खुरटी पोरे जन्मू लागली. हे ट्रोल मुळीच गोंडस केलेले नाहीत. ते काहीही खातात, माणूसदेखील. तरीही पुस्तक मिटल्यावर त्यांची भीती आणि त्यांचे दुःख एकाच वेळी जाणवते. खुद्द डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या परंपरेत अशी ठिणगी पडलेली होती. रॉजर मूर या लेखकाने १९८० च्या दशकात ऑर्कांचा देव ग्रूम्श याची कथा रचली. देवांनी पृथ्वी वाटून घेतली, एल्फांना अरण्य मिळाले, ड्वार्फांना डोंगर, आणि ऑर्कांच्या वाट्याला काहीच उरले नाही, म्हणून त्यांचा देव चवताळला. जमीन नाकारली गेलेल्यांचा हा राग आहे. यातून केवढी कथा निघाली असती! नियमपुस्तकाने मात्र तो रागही जन्मजात क्रौर्याच्या खात्यावर टाकला. आपल्या राक्षसाचेही तेच झाले. १९७७ च्या त्याच पुस्तकात तो वाघाचे डोके घेऊन, उंची झगा घालून, पाइप ओढत बसलेला आहे आणि त्याच्यापुढेही ‘दुष्ट’ असेच छापलेले आहे. ज्या कथांतून तो आला त्यांत विभीषण आहे. दैत्यकुळात प्रल्हाद आहे, बळी आहे. त्या कथाही निर्दोष नाहीत, पण कुळातून वेगळा निघणारा माणूस त्यांनी ओळखला.

गेल्या दशकात डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी पावले उचलली. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्कच्या बुद्धीत दोन गुणांची कपात होती, ती २०२० मध्ये काढली. त्याच वर्षी ऑर्क आणि ड्राउ (काळ्या कातडीचे एल्फ) यांचे चित्रण खऱ्या समाजांविषयीच्या पूर्वग्रहांची आठवण करून देते, अशी जाहीर कबुली दिली गेली. २०२४ च्या नियमपुस्तकात ऑर्क हे खेळणाऱ्याने निवडायचे पात्र झाले आणि २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून त्याची वेगळी नोंद गेली. आता शत्रू ऑर्क हवा असेल तर डाकू किंवा सैनिक यांचे सर्वांसाठी असलेले आकडे वापरायचे. मला हा बदल योग्य वाटतो, कारण दुष्टपणा जन्माकडून धंद्याकडे आणि कृतीकडे सरकला. पण काम अर्धेच झाले आहे. आकडे पुसले, त्या जागी ‘ट्रोलपाक’सारखे काही आले नाही. ऑर्क कुठून आले, काय पिकवतात, कुणाशी वैर धरतात आणि कशावरून, याची पाने रिकामी आहेत. ती रिकामी राहिली तर डन्जन मास्टर जुन्या सवयीनेच भरील, कारण गुहा आणि खजिना अजून जागच्या जागी आहेत. आकड्यांची दुरुस्ती कंपनीने केली, पण ही पाने लिहायला ‘ट्रोलपाक’ रचणाऱ्या ग्रेग स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांच्यासारखे, एका जमातीवर अख्खे पुस्तक खर्चणारे लेखक लागतील.