वीणा कुणाच्या हाती द्यायची? उतारवयातल्या सोबतीविषयी

आजचा विषय उतारवयातल्या सोबतीचा आहे आणि आपण तो कोरेगाव भीमात बसून बोलतो आहोत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं हे गाव. शेजारी सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगावची एमआयडीसी. १ जानेवारीला नदीपलीकडे पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात. म्हणजे इथं माणसांची वानवा नाही. पण गर्दी वेगळी आणि सोबत वेगळी, एवढं आधी ध्यानात घेऊ.

पूर्वी शेतीवाल्या घरात म्हातारं माणूस रिकामं नसायचं. राखण, वैरण-पाणी, बियाणं निवडणं असायचं. 'आबांना विचारा' हे दिवसातून चारदा व्हायचं. मग कारखाने आले, काहींच्या जमिनी गेल्या, काहींनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. घरात पैसा आला, चांगलंच झालं. पण भाडं गोळा करायला महिन्याचा एक दिवस पुरतो. उरलेल्या दिवसांचं काय? मुलगा शिफ्टला, सून कामाला, नातवंडं क्लासला. आबांना जेवण वेळेवर मिळतं, पण आबांना विचारत कुणी नाही.

हा नुसता मन रमवायचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. त्यांत उतारवयात एकटं पडणं आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. या दोघांची जोडी असते बघा. 'काय म्हणालास?' असं माणूस दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा त्याला लाज वाटते. हळूहळू तो पारावर जायचंच सोडतो. घरचे म्हणतात, वयानं शांत झालेत. म्हणून आधी कान तपासून घ्या. गरज असेल तर यंत्र लावा, त्यात कमीपणा काही नाही.

मग सोबत टिकते कशी? उत्तर आपल्याच गावात आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहाऱ्यांची यादी लागते. आपली वेळ झाली की आधीचा माणूस वीणा आपल्या हाती देतो, मगच घरी जातो. आपण आलो नाही तर तो अडकून पडतो. लगेच कुणीतरी दारात येतं, 'तात्या, बरं आहे ना?' सोबतीचं मर्म हेच. आपण नसलो तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

सप्ताह सात दिवसांचा, वर्ष मोठं. तेव्हा असा पहारा रोजच्या जगण्यात हवा. भजनाची आवड नसेल तर नसू द्या. वाचनालयाची किल्ली सांभाळा, शेजारच्या पोराचे पाढे घ्या, संघाच्या बैठकीला हजेरी घ्या आणि जो आला नाही त्याला फोन करा. मोठा रस्ता ओलांडायची अनेकांना धास्ती वाटते, म्हणून बैठक एका बाजूलाच भरवू नका. आलटून पालटून भरवा.

आजींचं थोडं वेगळं असतं. घरात त्यांच्यावाचून अडतं, पण बरोबरीचं बोलायला कुणी नसतं. त्यांना बहिणीकडे, मैत्रिणीकडे जाऊ द्या. एसटीत ७५ वर्षांपुढच्या सगळ्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट आणि महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. अडचणीत बोलायला १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

शेवटी घरच्यांना एक सांगणं. 'तुम्ही आता आराम करा' हे आपण प्रेमानंच म्हणतो. पण त्या वाक्यासरशी आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातली वीणा काढून घेतो. या आठवड्यात घरातलं एक काम खरोखर त्यांच्यावर सोपवा आणि ते झालं की नाही, हे त्यांनाच विचारा.