सुकाणू जड लागतंय? मोठं व्हील बसवण्याआधी हे तपासा



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर काढल्यात, रंग, इंजिन, जाळी सगळ्याकडे लक्ष आहे. सुकाणूचं मात्र "फिरतंय ना? मग झालं" असं होतं. आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीला शापोऱ्याच्या किंवा बेतूलच्या तोंडावर, खाली वाळूचा बार आणि मागून लाट, तांडेल दोन्ही हातांनी व्हील ओढत असतो. तिथे सुकाणू दोन सेकंद उशिरा वळलं तर बोट लाटेला आडवी होते. म्हणून जड सुकाणू ही फक्त खांदेदुखी नव्हे.

जड झालं की आपण काय करतो? व्हील मोठं करतो, नाहीतर दांडा लांब करतो. हाताला हलकं वाटतं, पण हात लांबवर फिरवावा लागतो आणि मूळ दुखणं आत तसंच राहतं. आधी दुखणं शोधा.

पहिली परीक्षा
बोट पाण्यात, जेट्टीला बांधलेली, इंजिन बंद. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.
👉 इथेच जड लागलं, तर कुठेतरी घासतंय.
👉 इथे हलकं आणि चालत्या बोटीतच जड, तर पाण्याचा दाब आहे.
दोन्हींचे उपाय वेगळे.

घासत असेल तर
बोट आता वर आहे तर चेन, वायर किंवा हायड्रॉलिकचा सिलिंडर सुकाणूपासून सोडवा आणि सुकाणू नुसत्या हाताने फिरवा. सहज फिरलं तर दोष वरच्या भागात: गंजलेली पुली, सुकलेली चेन, अडकणारा सिलिंडर. हायड्रॉलिकमध्ये व्हील स्पंजासारखं दबत असेल तर बहुतेक हवा शिरली आहे, ती काढून तेल भरा.

सुटं करूनही जड असेल तर शाफ्ट आणि बुश पाहा:
▪️ शाफ्टभोवतीचे शिंपले, शेवाळ, मीठ खरवडून काढा.
▪️ ग्लँडचं पॅकिंग गरजेपेक्षा जास्त आवळलंय का? पाणी थांबावं म्हणून आवळत जातो आणि शाफ्टच धरून ठेवतो.
▪️ नवीन नायलॉनचा बुश घातलाय? नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. कोरड्यात अगदी फिट बसलेला बुश पाण्यात शाफ्टला आवळतो. टर्नरला आधीच सांगून थोडी जागा ठेवून घ्या.
▪️ एका ठराविक कोनातच जड लागतं? शाफ्ट वाकला असण्याची शक्यता मोठी. वाळूला सुकाणू टेकलं होतं का ते आठवा.

पाण्याचा दाब असेल तर
दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 5 नॉटला जेवढा, 7 नॉटला जवळजवळ त्याच्या दुप्पट. म्हणून बार ओलांडताना वेग आवरला की सुकाणूही हलकं होतं. पण इतकाही कमी करू नका, की बोट सुकाणूला दादच देणार नाही.

दुसरी गोष्ट, शाफ्ट कुठे आहे. समजा सुकाणूचं पातं 60 सेंमी रुंद आहे. पाण्याचा जोर साधारण पुढच्या कडेपासून 20 सेंमीवर येतो. शाफ्ट अगदी पुढच्या कडेला असेल तर तो जोर 20 सेंमीच्या तरफेने तुमच्या हातावर येतो. तेच 10 सेंमी पातं शाफ्टच्या पुढे असेल तर तरफ 10 सेंमीची, म्हणजे मेहनत निम्मी. नवीन सुकाणू बनवताना पात्याचा सहावा-सातवा हिस्सा पुढे ठेवायला सांगा. हाव मात्र नको. पुढचा भाग जास्त झाला तर व्हील सोडताच सुकाणू स्वतःच एका बाजूला झेपावतं.

माल कुठे ठेवलाय?
बर्फ आणि मासळी पुढे जास्त झाली की नाळ बसते, बोट डावी-उजवी भरकटते आणि तांडेल सतत सावरत राहतो. बोट एका बाजूला कलली तरी तेच. वजन मागे-मधे घ्या, दोन्ही बाजू सारख्या करा. याला पैसा लागत नाही.

शिडाच्या बोटीतही हेच गणित. वारा वाढला की बोट नाळ वाऱ्याकडे वळवू पाहते आणि दांडा हाताला ओढत राहतो. तिथे सुकाणूशी झगडू नका. शिडाचा दोर थोडा सैल करा, शीड लहान करा, माणसं मागे बसवा. सतत तिरकं धरलेलं सुकाणू हा ब्रेकच आहे, बोटीचा वेगही खातो.

आउटबोर्डवाल्यांसाठी
बऱ्याच मोटरींना पंख्याच्या वर एक छोटं पातं असतं. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे करा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. थोडं-थोडं फिरवून पाहा.

⚠️ रिव्हर्समध्ये पाणी सुकाणूवर मागून येतं आणि ते झटक्याने टोकाला आपटू शकतं. व्हील घट्ट धरा, वेग हळू ठेवा. आणि कोणी सुकाणूखाली काम करत असेल तर इंजिनची चावी त्याच्याच खिशात.

बोट पाण्यात उतरवण्याआधी एक दिवस सुकाणूला द्या. ही माहिती आपल्या तांडेलाला आणि खलाशांनाही वाचून दाखवा. 🙏